मनातलं विचारा : डाग लपवायला रोज पन्नास मिनिटं

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली तीन पत्रं एकाच विषयाची निघाली. ऑफिसात आपण कसे दिसतो, त्यावरून लोक काय बोलतात आणि मग घरी येऊन आपल्याला झोप का लागत नाही. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय, कारण त्यातलं बरंच काही मी स्वतः भोगलंय. नावं-गावं राखून ठेवलीत.

प्रश्न : ताई, मी २८ वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत पाच वर्षं झाली कॅश काऊंटरला बसते. तीन वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर पांढरे डाग आले, मग डाव्या हाताला, मग ओठाच्या कडेला. डॉक्टर म्हणाले व्हिटिलिगो, म्हणजे कोड. तेव्हापासून मी साडेसहाला उठून पन्नास मिनिटं नुसतं कन्सीलर लावत बसते, ओठाला आणि बोटांना, आणि बोटांचं तर अकरापर्यंत पुसलंच जातं कारण नोटा मोजायच्या असतात. दिवाळीच्या आधी एक आजी पैसे काढायला आल्या, मी नोटा द्यायला हात पुढं केला तर म्हणाल्या, "बाई पैसं तिथं ठेव, हातात देऊ नगं." मागं लाईन होती, सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मी रबरी हातमोजे घालते आणि कुणी विचारलं तर सांगते नोटांची ॲलर्जी आहे. संक्रांतीला ऑफिसात हळदीकुंकू होतं, तेव्हा एका मॅडमनी सगळ्यांना कुंकू लावलं आणि माझ्यापाशी आल्यावर करंडा माझ्या हातात दिला, म्हणाल्या तूच लावून घे. गेल्या आठवड्यात मॅनेजर साहेबांनी बोलावून सांगितलं की एक तारखेपासून तुला आत व्हाऊचर आणि कर्जाच्या फाईलींना बसवतो, तुझ्याच भल्यासाठी, लोकांचं ऐकून घ्यायला नको. मी "बरं साहेब" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मैत्रीण म्हणते स्वतःवर प्रेम कर. भाऊ विनी हार्लोचे, म्हणजे कोड असलेल्या त्या परदेशी मॉडेलचे फोटो पाठवतो. काका म्हणतात अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढ, फायदा होईल. आईने माझं मासे आणि दूध दोन्ही बंद केलंय. मला आरशात डागच दिसतात ताई. मी स्वतःला कसं स्वीकारू? आणि आत बसू का?

उत्तर : बाळा, दुसरा प्रश्न आधी घेते कारण त्याला तारीख आहे. आत बसू नकोस.

कर्जाचं काम कमी दर्जाचं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, उलट तुला पुढं ऑफिसर व्हायचं असेल तर ते शिकायलाच हवं, पण ते तू मागून घे, तुझं काम बघून मिळू दे. डाग दिसू नयेत म्हणून जी खुर्ची मिळते तिच्यावर बसलं की उठता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय. मला २६व्या वर्षी डोळ्यांभोवती कोड आलं, तेव्हा मी एका बँकेत काऊंटरला होते आणि आमच्याही साहेबांनी अशाच गोड आवाजात मला आत लेजरला, म्हणजे खातेवह्यांच्या कामाला बसवलं. मला तेव्हा ते उपकार वाटले गं, खरंच, मी त्यांना पेढे नेऊन दिले होते. अकरा वर्षं मी त्या खोलीत बसले. कुणी वाईट बोललं नाही, कारण कुणी भेटतच नव्हतं. प्रमोशनच्या मुलाखतीत विचारलं की ग्राहकांशी बोलायचा अनुभव किती, तेव्हा माझ्याकडं सांगायला काही नव्हतं. साहेब वाईट माणूस नव्हते, तुझेही नसतील, पण एका गिऱ्हाईकाला अवघड वाटलं म्हणून कर्मचाऱ्याला उचलून आत ठेवायचं हा सोपा मार्ग झाला, आणि त्याची किंमत नेहमी कर्मचारीच भरतो.

तर एक तारखेच्या आत साहेबांना भेट. रडू आलं तर येऊ दे, पण बोल. असं काहीतरी म्हण : "साहेब, माझ्या कॅशमध्ये पाच वर्षांत काही चूक निघाली असेल तर दाखवा, मी आत बसते. तशी नसेल तर मला काऊंटरला राहायचंय. मला जे झालंय ते लागत नाही, डॉक्टरांचं पत्र आणून देते." आणि संध्याकाळी हेच चार ओळींत लिहून अर्ज दे, पोच घे. तोंडी बदली तोंडीच मुरते. लेखी विचारलं की कारणही लेखी मागता येतं आणि "हातावर डाग आहेत" हे कारण कागदावर लिहायला कुठलाही मॅनेजर दहा वेळा विचार करतो. डॉक्टरांच्या पत्रात एवढंच हवं, की हा संसर्गजन्य आजार नाही आणि रोखीच्या कामाला काही अडचण नाही.

काकांच्या सर्टिफिकेटचं म्हणशील तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ॲसिड हल्ल्यातल्या व्यक्ती आहेत, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्ती आहेत, पण कोड नाही. त्यामुळे त्या वाटेला जाऊन वेळ घालवू नकोस. तुझ्या कामात कसलीच कमतरता आलेली नाहीये आणि साहेबांसमोर तुझा मुद्दाही तोच आहे, मग उलटं कशाला सिद्ध करत बसायचं?

आता हातमोजे. हे आज काढ, पत्र वाचून झाल्या झाल्या. काही रबरी वस्तूंमध्ये अशी केमिकल्स असतात ज्यांनी कातडीचा रंग आणखी जातो, डॉक्टरांना ही गोष्ट फार जुन्या काळापासून माहितीय, चपलेच्या रबरी पट्ट्याखाली डाग येतात ते यामुळेच. काही टिकल्यांच्या गोंदातही असलंच एक केमिकल असतं, म्हणून कितीतरी बायकांच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा ठिपका असतो. तू टिकली लावत असशील तर काही दिवस नुसतं कुंकू लाव. शिवाय कोडात जिथं सतत घासतं, कापतं, दाबलं जातं तिथं नवे डाग उठू शकतात, घड्याळाचा पट्टा, परकराची नाडी, आणि तुझ्या बाबतीत दिवसभर घासणारा घट्ट हातमोजा. म्हणजे लपवायला घातलेली वस्तूच डाग वाढवत असेल.

औषधाचं खरं खरं सांगते. कोड म्हणजे आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उठते. जगात साधारण शंभरात एखाद्याला असतं, म्हणजे तुमच्या संस्थेचे पाच हजार खातेदार असतील तर त्यातही पन्नासेक जण फुल बाह्या घालून येत असतील, तू कधी बघितलं नाहीस कारण तेही लपवतायत. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येत नाही, आईला सांग की दोन्ही परत सुरू कर. मलम असतात, आठवड्यातून दोन-तीनदा घ्यायची यूव्हीबी लाईट ट्रीटमेंट असते, ती महिनोन् महिने चालते. चेहऱ्यावर रंग लवकर परततो. बोटांची टोकं आणि ओठ या सगळ्यात हट्टी जागा, तिथं फरक कमी पडतो आणि उशिरा पडतो. तुझे डाग नेमके तिथंच आहेत म्हणून हे सांगावं लागतंय, कारण "तीन महिन्यांत शंभर टक्के बरं" असं पोस्टर लावून बसलेली माणसं गावोगाव आहेत आणि ती तुझा पगार खातील. बावचीचं तेल लावून उन्हात बसायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, बावचीने कातडी ऊन जास्त ओढते, फोड येतात, मी पाय भाजून घेतलेली मुलगी बघितलीय. चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडं जा, थायरॉईडची टेस्ट करून घे कारण कोडाबरोबर थायरॉईडचा त्रास बऱ्याचदा असतो, आणि डागांवर सनस्क्रीन लाव, तिथली कातडी लवकर भाजते.

त्या आजींकडं वळते. त्यांच्या डोक्यात कोड आणि महारोग एकच आहे. "श्वेतकुष्ठ" या शब्दाने आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या घोळ घातलाय. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, त्याच्या चट्ट्याला संवेदना कमी असते, कोडाच्या डागाला सगळं जाणवतं, दोन्हींचा काही संबंध नाही. पण हे सांगताना एक काळजी घे, मी स्वतः ही चूक बरीच वर्षं केलीय. "मला महारोग नाहीये हो!" असं मी ओरडून सांगायचे, जणू तो असता तर माझ्यापासून लांब राहणं बरोबरच होतं. ज्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली, वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तिथं आपण असं म्हणू नये. तोही आजार आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. म्हणून काऊंटरवर एवढंच म्हण, नेहमीच्या आवाजात : "आजी, हे कोड आहे, नुसता रंग गेलाय, लागत नाही. मोजून घ्या पैसे." आणि नोटा पुढं कर. त्यांनी घेतल्या तर घेतल्या, नाही घेतल्या तर काऊंटरवर ठेव आणि पुढच्या माणसाला बोलव. त्यांना पटवून द्यायची ड्यूटी तुझी नाही, लाईनमधल्या बाकीच्या दहा जणांनी ऐकलेलं असतं ना, ते पुरे. घरी आरशासमोर वीस वेळा म्हणून बघ हे वाक्य. मी आमच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमध्ये म्हणायचे. पहिल्यांदा काऊंटरवर म्हणाले तेव्हा आवाज चिरकला होता, आठव्या-नवव्या वेळेपर्यंत दुधाचा हिशोब सांगितल्यासारखं यायला लागलं. पिग्मी एजंट, शिपाई, शेजारच्या काऊंटरचे दादा, यांना मात्र तू आधीच सांगून टाक, एकेकट्याला. तू सांगितलं नाहीस म्हणून त्यांचं कुजबुजणं चालू राहतं, आणि एकदा सांगितलं की त्यातले दोघं-तिघं तुझ्या वतीने बोलायला लागतात, ही माझी पक्की खात्री आहे.

हळदीकुंकवाच्या त्या मॅडमना लगेच माफ कर असं मी म्हणणार नाही. तो करंडा हातात देणं मला वाचतानासुद्धा लागलं. पण त्यांच्याशी एकदा बोल, जेवणाच्या सुट्टीत, दोघीच असताना : "मॅडम, संक्रांतीला तुम्ही मला कुंकू लावलं नाहीत, मला वाईट वाटलं. हे लागत नाही." बस, पुढं गप्प राहा, त्यांना बोलू दे. बऱ्याच बायका अशा वेळी रडतात, काही जणी उडवून लावतात. काय होईल ते होऊ दे, तुझ्या पोटातलं तर बाहेर पडेल.

आणि आता तुझा पहिला प्रश्न, स्वतःला कसं स्वीकारू. तुला डाग आवडले पाहिजेत असं काही नाही गं. मला माझे आजही आवडत नाहीत. लग्नाच्या जाहिरातीत "गोरी, निर्व्यंग" वाचत आपण मोठ्या झालो, गोरेपणाच्या क्रीमने २०२० साली नाव बदललं म्हणून आपल्या मनातलं लगेच बदलत नाही. विनी हार्लोचं मला कौतुकच आहे, पण तिला बघायलाच लोक येतात, तुला तर दुपारी बारा वाजता वीस माणसांची लाईन संपवायचीय. "स्वतःवर प्रेम कर" हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याने काय होतं की डागांचं दुःख होतंच, वर आता स्वतःवर प्रेम जमत नाही याचंही दुःख. साहेब चुकले, मॅडम चुकल्या, आणि सुधारायचं कुणी तर तू? तू फक्त वेळेचा हिशोब कर. रोजची पन्नास मिनिटं म्हणजे महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर वीस तासांवर जातात. या सोमवारपासून बोटांचं कन्सीलर बंद कर, ते तसंही अकरापर्यंतच टिकतं. ओठाला हवं तर लाव, बिनधास्त लाव, लिपस्टिक लावतो तसं, त्यात खोटेपणा काही नाही. बोटांचा वाचलेला अर्धा तास झोप, नाहीतर बँकिंगच्या परीक्षेचा अभ्यास कर. चार आठवड्यांनी मला परत लिही.

एकटं वाटलं तर पुण्यातल्या श्वेता असोसिएशनशी संपर्क कर, डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेला हा कोड असलेल्या माणसांचा स्वमदत गट आहे, त्यांना स्वतःला कोड आहे. एका खोलीत पन्नास माणसं उघड्या हातांनी बसलेली बघणं, त्याची सर माझ्या पानभर उत्तराला नाही.

प्रश्न : मी नागपूरला औषध कंपनीत एमआर आहे, वय ३१. केस पंचविशीपासून गळतायत, आता हेअर पॅच लावतो. उन्हाळ्यात बाईकवर हेल्मेटखाली काय हाल होतात विचारू नका. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, प्रोजेक्टर कशाला लावता, ह्याचा पॅच काढा उजेड पडेल. सगळे हसले, मीही हसलो. आता दीड लाखाचं पर्सनल लोन काढून ट्रान्सप्लांट करायचं ठरवलंय. बायको नको म्हणते.

उत्तर : तुम्ही हसलात ना, ते वाचून मला फार वाईट वाटलं. पुरुषांच्या टकलावर हसायची आपल्याकडं सगळ्यांना मोकळीक आहे आणि पुरुषाने ते मनाला लावून घेतलं तर परत त्यावरूनही हसतात.

ट्रान्सप्लांट वाईट नाही, पण त्या मीटिंगच्या रागात लोन काढू नका, बायकोचं तेवढं ऐका. हे टक्कल आनुवंशिक आणि हार्मोनमुळे असतं. ट्रान्सप्लांटमध्ये डोक्याच्या मागचे केस पुढं लावतात, पण मधले तुमचे जे मूळचे केस आहेत ते गळतच राहतात, म्हणून त्यानंतरही औषध चालू ठेवावं लागतं. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, मिनॉक्सिडिल लावून फरक कळायला चार-सहा महिने जातात आणि बंद केलं की फायदा जातो. फिनास्टेराईडच्या गोळ्या तुमच्या बॅगेत सॅम्पल असतील तरी स्वतःच्या मनाने घेऊ नका, काही जणांना लैंगिक त्रास होतो, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलूनच घ्यायच्या. हे करून वर्षभराने ट्रान्सप्लांट करावंसं वाटलं तर पैसे साठवून करा, पार्लरवाल्याकडं नको, सर्जनकडं. आणि एखाद्या रविवारी पॅच न लावता, केस अगदी बारीक कापून बाजारात भाजी आणायला जा. कसं वाटतं बघा. जमलं तर जमलं.

साहेबांना एकट्यात गाठून सांगा, "सर, टार्गेटवरून बोला, केसांवरून नको." पाच शब्द आहेत. पुढच्या वेळी ते बोलले तर तुम्ही हसू नका, एवढं नक्की करा. हसण्यात तुमचा आवाज नसला की बाकीच्यांचंही हसू आखडतं.

प्रश्न : मी ५४ वर्षांची, सरकारी ऑफिसात आहे. आमच्यातली एक मुलगी बाळंतपणाची रजा संपवून आली, मी दारातच म्हणाले, "अगं केवढी सुटलीस, ओळखूच आली नाहीस!" आमच्यात असंच बोलतात, प्रेमानेच. तेव्हापासून ती आमच्यात डबा खायला येत नाही, तिच्या टेबलावरच खाते, कधी खातच नाही. माझं चुकलं का? आता काय करू?

उत्तर : हो, चुकलं. प्रेमाने बोललात यावर माझा विश्वास आहे, आणि तुम्ही पत्र लिहिलंत यावरून तुम्ही कशा आहात तेही कळतं. पण विचार करा, ती पोर सहा महिन्यांनी रात्रीची झोप नसलेली, बाळाला घरी सोडून आलेली, जुने ब्लाऊज होत नाहीत म्हणून सकाळी रडून आलेली असेल, आणि दारातच पहिलं वाक्य हे कानावर पडलं. बाळाचं नाव काय ठेवलं, हे कुणी विचारलं का तिला?

माफी मागा, लहान मागा. "त्या दिवशी मी तुझ्या अंगावरून बोलले, चुकलं माझं." एवढंच. "तसं नव्हतं म्हणायचं", "मी तर आईसारखी आहे" असलं काही जोडू नका, नाहीतर तिलाच तुमची समजूत काढावी लागते. आणि दोन महिन्यांनी "आता कशी छान बारीक झालीस" म्हणून भरपाई करायला जाऊ नका, तेही अंगावरूनच बोलणं झालं. गटात कुणी दुसरीने विषय काढला तर तिथंच थांबवा, तुमचं वय आणि सर्व्हिस बघता तुमचं ऐकतील.

आणि एक करा. ती जेवत का नाही याचं कारण तुमचं बोलणं असेल, पण दुसरंही असू शकतं. बाळ अंगावर पीत असेल तर दुपारपर्यंत छाती दुखायला लागते, दूध काढायला जागा लागते, आणि ती बिचारी सुट्टीत बाथरूममध्ये उभी असते, हे मी दोन-तीन ऑफिसात पाहिलंय. तुमच्या इमारतीत हिरकणी कक्ष असेल. बऱ्याच ठिकाणी त्याला कुलूप असतं आणि आत जुन्या फाईली नाहीतर मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात. उद्या जाऊन त्याची चावी कुणाकडं आहे ते बघा, शिपायाकडून खोली रिकामी करून घ्या, एक नीट खुर्ची आणि आतून लागणारी कडी आहे ना ते तपासा, आणि मग तिला चावी नेऊन द्या.